सतरा नंबरची पानं

माझे वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते. तीसेक गळीत हंगाम त्यांनी उसाचा रस तपासण्यात घालवले, आणि त्यांची एकुलती एक मुलगी जर्मनीला जाऊन साखरेला पर्याय शोधायला लागली. फोनवर ते मला घरभेदी म्हणायचे आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन फोन आईच्या हातात द्यायचे. आईला साखर काय आणि बिनसाखर काय, दोन्ही सारखंच. मी जेवले का, एवढंच तिला हवं असायचं.

स्टुटगार्टच्या कडेला, टेकडीवरच्या एका शेतीसंशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते. माझं झाड स्टेव्हिया. आपल्याकडे नर्सरीत ‘गोड तुळस’ म्हणून हिची रोपं मिळतात. तुळशीशी तिचं काही नातं नाही. दिसायला अगदी साधं झुडूप, पण पान चावलं की तोंडभर गोडी येते, साखरेच्या कितीतरी पट. एक खोड मात्र आहे. गिळून झाल्यावर मागे कडवट चव रेंगाळते. पानात गोडी आणणारे पदार्थ एक नाही, बरेच असतात. त्यांतले काही निव्वळ गोड, काही गोडीबरोबर कडूपणा घेऊन येणारे. कुठल्या वाणाच्या पानात कुठला पदार्थ किती, हे मोजणं म्हणजे माझं काम.

मोजायची रीत सांगायला सोपी आहे. पानं वाळवायची, दळायची, गरम पाण्यात त्यांचा अर्क काढायचा, गाळायचा आणि यंत्रात घालायचा. यंत्र तो अर्क एका बारीक नळीतून दाबाने ढकलतं. अर्कातले पदार्थ एकामागून एक, आपापल्या वेळेला बाहेर पडतात आणि पडद्यावर प्रत्येकाचं एक टोक उमटतं. टोक जेवढं मोठं तेवढा तो पदार्थ जास्त. तिसऱ्या वर्षापर्यंत मला टोकं बघूनच वाण ओळखू यायला लागले होते आणि त्याचा थोडा माजही चढला होता.

वाण होते वीस. त्यांतले मोजके पुढच्या वर्षी शेतात लावायचे होते, बाकीच्यांची रवानगी कंपोस्टमध्ये. त्यासाठी आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या प्रोफेसरांनी, एक रेघ ठरवली होती. पानातली एकूण गोडी रेघेच्या वर असेल तर वाण राहणार, खाली असेल तर जाणार. बाई शांत स्वभावाच्या, कुणाचं मन दुखू नये असं बघणाऱ्या, पण रेघ म्हणजे रेघ.

सतरा नंबरचा वाण काचघराच्या माळीकाकांचा होता. माळीकाका हे नाव माझ्या मनातलं. तोंडावर अर्थातच ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, आणि पुढे आडनाव. पासष्टीला टेकलेले, पाठीत किंचित वाकलेले, बोलणं मोजून-मापून. त्या भागात असं समजतात की समोरच्याने तुम्हाला नावं ठेवली नाहीत म्हणजे भरपूर कौतुक झालं. काकांनी माझं असं कौतुक अडीच वर्षं केलं. बाकीचे एकोणीस वाण बाहेरून आले होते. सतरा मात्र त्यांनी स्वतः, संस्थेचं नेमून दिलेलं काम सांभाळून, अकरा वर्षांत घडवला होता. दरसाल झाडांचा संकर करायचा, बी पेरायचं, उगवलेल्या प्रत्येक रोपाचं पान चावून बघायचं, कडू निघालं की उपटायचं. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, सगळा भरवसा जिभेवर.

आणि ती जीभच गेली. त्या मोठ्या साथीत ते आजारी पडले, बरे झाले, वास अर्धामुर्धा परत आला, पण गोड आणि कडू काही परत आलं नाही. हे त्यांनी मला एकदा कुंड्या हलवता हलवता, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. बायकोने केलेला केक ते आता मऊ आहे की कोरडा एवढंच सांगू शकायचे. आजारानंतर त्यांनी सतराची पानं जो भेटेल त्याला चाखायला दिली होती. जो तो म्हणाला, वा, किती गोड. एरवी ही माणसं तोंडावर बोलणारी, तुमचा शर्ट चुरगळलाय हे पहिल्या भेटीत सांगतील. पण काकांची सगळ्यांना दया आली होती. शेवटी त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

‘तुमचं यंत्र तरी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही ना?’ त्यांनी मला विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्याला तेवढी अक्कल नाही.’

‘गुट,’ ते म्हणाले. ठीक आहे.

सप्टेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी सतराचा आकडा रेघेच्या वर आला तर अकरा वर्षांचं काम त्यांच्यामागे शेतात उभं राहणार होतं. नाही आला तर त्या जागेवर दुसऱ्या कुणाच्या कुंड्या.

सतरा उशिरा वाढणारा. बाकी सगळ्या वाणांचे नमुने आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी जुलैतच घेऊन ठेवले होते. सतरा तयार झाला ऑगस्टमध्ये, आणि ऑगस्टमध्ये जर्मनीत कामाला माणूस मिळेल तर शपथ. मदतनीस बाई तीन आठवडे समुद्रकाठी गेल्या होत्या. तेव्हा नमुना मीच घ्यायचा असं ठरलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पानं तोडायला काय अक्कल लागते?

काकांनी सकाळी फांद्या कापून दोन टोपल्या माझ्याकडे आणून दिल्या. मी मागच्या खोलीत टेबलावर कागद पसरला, फोन भिंतीला टेकवून उभा केला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. इथे साडेदहा वाजले होते, साताऱ्यात दोन. जेवणं आटोपून आई संध्याकाळसाठी मेथी निवडायला बसली होती, मांडीशी वर्तमानपत्र घेऊन. मग आम्ही दोघी आपापल्या कागदापाशी बसलो. तिने शेजारणीच्या सुनेचं सांगितलं, मी वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने माझा जिना झाडायच्या पाळीचा आठवडा कसा चुकला म्हणून चिठ्ठी लावली ते सांगितलं. किती दिवसांनी अशा गप्पा झाल्या. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं नेहमी भाजी निवडताना व्हायचं, कारण हात कामात असले की आई रागवत नसे.

‘मोठ्या पानांची आहे गं तुझी भाजी,’ ती म्हणाली. ‘पिवळं पान राहू देऊ नकोस हं. आणि ती देठं काढ, दाताखाली येतात.’

‘भाजी नाहीये आई ती.’

‘जे असेल ते. निवडलेलं काही वाया जात नाही.’

मी हसले आणि देठं काढली. पिवळी पानं काढली, भोकं पडलेली काढली, खालची जून पानं काढली. तासाभरात माझ्यासमोर हिरव्यागार पानांचा असा देखणा ढीग तयार झाला की आईने तो फोन जवळ धरायला लावून पाहिला. उरलेला कचरा मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, निवडलेली पानं ट्रेवर पसरून वाळवायच्या ओव्हनमध्ये ठेवली आणि हात धुतले. मन अगदी प्रसन्न होतं.

आकडा आला तो रेघेच्या चांगलाच वर. मी तो तीनदा पाहिला. सगळ्या वीस वाणांत सतरा दुसरा होता. मी कागद छापला आणि पायऱ्या उतरून धावतच काचघरात गेले. काकांनी चष्मा लावला, आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट तिथून काढलं नाही. मग ‘पास्ट’ म्हणाले. म्हणजे जमलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोने केलेला सफरचंदाचा अख्खा केक आणला आणि साडेनऊच्या न्याहारीला मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. माझ्या अडीच वर्षांत त्यांनी स्वतः होऊन कुणाला बोलावल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाईंनीही दोन तुकडे खाल्ले. काका स्वतः एक तुकडा घेऊन कोपऱ्यात उभे होते. केक मऊ झालाय, त्यांनी मला सांगितलं.

रविवारी मी घरी फोन केला. बातमी ऐकून आई म्हणाली, ‘येणारच. निवडून दिलेली पानं होती.’

बाबा तिच्या मागे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला.

‘निवडून म्हणजे?’ त्यांनी विचारलं.

‘अहो, देठं-बिठं काढून. मी इथे मेथी घेऊन बसले होते, ती तिथे.’

‘बाकीच्या एकोणिसांची देठं काढली होती का?’ हे मला होतं.

बाबांनी फोन हातात घेतला. ते रागावले नव्हते, उलट हळू बोलत होते. ‘आमच्याकडे ऊस तपासायला घेतला की पाचटासकट घ्यायचा, शेंड्याकडच्या वाढ्यासकट, मुळीची माती असेल तर तिच्यासकट,’ ते म्हणाले. ‘गाडीतून जसा आला तसा. स्वच्छ करून, मधली कांडी तेवढी काढून दिली, तर साखरेचा उतारा कुठल्या कुठे जातो. पण तो उतारा काही त्या उसाचा नसतो बाळा. तो निवडणाऱ्याचा असतो.’

देठांत गोडी अगदीच कमी असते. हे मी स्वतः पहिल्या वर्षी मोजलं होतं, त्यावर पोस्टर केलं होतं, एका परिषदेत त्या पोस्टरशेजारी दिवसभर उभी राहिले होते. सगळ्या वाणांचे नमुने कोवळ्या देठांसकट घ्यायचे ही सूचना कपाटाच्या दारावर चिकटवलेली होती, आणि ती माझ्याच अक्षरात होती. डोक्याला सगळं ठाऊक होतं. पण समोर कागद, कानात आई, आणि हात आपले लहानपणापासून करत आलेत तेच करत गेले.

‘कुणाला कळलंय का?’ आईने विचारलं.

‘नाही.’

‘मग हात दाखवून अवलक्षण कशाला? बिचाऱ्या म्हाताऱ्याला आनंद झालाय.’

‘अगं, कळायचा प्रश्न नाहीये,’ बाबा म्हणाले.

‘तुम्हीच घातलंत तिच्या डोक्यात. छान झालं होतं सगळं.’

ती दोघं तिकडे वाद घालत राहिली आणि मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी आईच्या बाजूची होते. रविवारची दुपार मी खोलीत फेऱ्या मारण्यात घालवली आणि स्वतःला पटण्यासारखी बरीच कारणं काढली. देठांचा फरक तो किती. कदाचित तरीही रेघेच्या वरच असेल. काका निवृत्त होणार, कुणाचं काय अडतंय. शिवाय केक खाऊन झाला होता. पण प्रत्येक कारणाशेवटी मला काकांचं ते कागदावर ठेवलेलं बोट दिसायचं. त्या माणसाला स्वतःला चव कळत नव्हती. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या हातात खोटी नोट ठेवण्यातला हा प्रकार होता. मला स्वतःचा इतका राग आला की मी जिना झाडून काढला, माझा आठवडा नसताना.

सोमवारी साडेनऊला काका काचघरामागच्या बाकावर पाव आणि चीज खात बसले होते. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. जर्मन भाषेत वाक्याचा मुद्दा शेवटी येतो, त्यामुळे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी तोंडातला घास चावून संपवला.

‘किती काढलंत?’ त्यांनी विचारलं.

‘चौथा हिस्सा असेल.’

‘का?’

‘आमच्याकडे पालेभाजी अशीच निवडतात. देठं काढून, पिवळी पानं काढून. आई फोनवर होती, ती तिची निवडत होती. मी माझी निवडली.’

त्यांनी यावर विचार केला. ‘तुमच्याकडे भाजी चांगली होत असेल,’ ते म्हणाले. मग पावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. ‘उद्या सात वाजता. मागच्या रांगेतली झाडं अजून कापलेली नाहीत.’

‘आणि केक?’

‘केक परत मागत नाही मी.’

बाईंकडे जाण्याआधी एक कागद भरायचा होता. ठरलेल्या पद्धतीपेक्षा काही वेगळं घडलं की तो भरावा लागतो. काय घडलं या चौकटीत मी लिहिलं, देठं आणि जून पानं काढून टाकली. त्याखाली कारणाची चौकट होती. बराच वेळ पेन हातात धरून शेवटी मी लिहिलं, घरची सवय. बाईंनी ते वाचलं, मग मला मेथी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं. त्या ओठ दाबून ऐकत होत्या. हसू दाबत होत्या की राग, मला आजही सांगता येणार नाही. पण पुढच्या आठवड्यात कपाटाच्या दारावरच्या सूचनांत एक ओळ वाढली: ‘पानं निवडू नयेत.’ नवी येणारी जर्मन मुलं ती वाचून एकमेकांकडे बघतात. पानं निवडण्याची कल्पनाच त्यांच्या डोक्यात येत नाही.

मंगळवारी सातला आम्ही दोघांनी मिळून नमुना घेतला. काका फांद्या कापत होते, मी त्या जशाच्या तशा पिशवीत भरत होते. एखादं पिवळं पान वर आलं की माझे हात शिवशिवायचे. एकदा मी खरोखरच एक भोकाचं पान काढायला गेले तर काका खाकरले. ‘झाड आहे तसं,’ ते म्हणाले. मी पान सोडून दिलं. त्या सकाळी आम्ही एरवीपेक्षा जास्त बोललो. त्यांनी मला सतराची आजी कुठली, आई कुठली, कुठल्या साली थंडीने निम्मी रोपं गेली ते सांगितलं. मी त्यांना बाबांच्या उसाच्या पाचटाचं सांगितलं. माझ्या बाबांबद्दल ते ‘गेनाऊ, गेनाऊ’ म्हणाले. अगदी बरोबर. बाबांना हे कळवलं तर ते दोन दिवस खुशीत होते.

चार दिवसांनी आकडा आला. रेघेच्या खाली. फार नाही, पण खाली. मी तोच अर्क पुन्हा चालवला, मग ठेवलेल्या पानांचा नवा अर्क काढून तो चालवला. तिन्ही वेळा खाली. मला रडू आलं. प्रयोगशाळेत रडायला जागा नसते, म्हणून मी शीतगृहात जाऊन रडले आणि थंडीने लवकर थांबले.

काकांनी कागद हातात घेतला आणि चष्मा लावला.

‘हा खरा?’

‘खरा.’

‘किती वेळा?’

‘तीन.’

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं आणि मला त्याचाही राग आला. मी एवढं रडले ते कुणासाठी? मग ते म्हणाले, ‘पहिला कागद मी घरी भिंतीवर लावला होता. तो आज काढतो.’ आणि पाणी द्यायला वळले. तेव्हा मला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

बाईंनी रेघ हलवली नाही. त्या स्वतः काचघरात आल्या, काकांशी उभ्या उभ्या बोलल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षीच्या यादीतून सतरा काढला. मला त्यांचं चूक वाटत नाही. वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. शेवटच्या आठवड्यात काकांनी एकच अर्ज केला: सतराला आलेल्या फुलांचं बी घरी न्यायची परवानगी. झाडं संस्थेची, तेव्हा सही-शिक्क्याशिवाय त्यांनी वाळलेलं पानही नेलं नसतं. झाड का नाही मागितलं, मी विचारलं. ‘सतरा कळली आता,’ ते म्हणाले. ‘तिच्या पोरी बघायच्या.’ बाईंनी सही केली. सप्टेंबरअखेर काका गेले आणि काचघरात एक तरुण, फार बोलणारी बाई आली. ती वारंवार माझं कौतुक करते, त्यामुळे खरं काय ते कळत नाही.

पुढल्या जूनमध्ये काकांचं पोस्टकार्ड आलं. शनिवारी तीन वाजता कॉफीला या, आणि खाली बसचा नंबर. त्यांचं गाव अर्ध्या तासावर, द्राक्षमळ्यांच्या उतारावर. तीनला दोन मिनिटं कमी असताना मी बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं, म्हणजे त्यांच्या बायकोने. गोल चेहऱ्याच्या, गप्पिष्ट बाई. कॉफीच्या आधी एक छोटं काम आहे, असं सांगून त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथे एका लांब बाकावर सहा कुंड्या होत्या. सतराचं बी फार कमी उगवलं होतं, त्यांतली ही सहा जगली. प्रत्येक कुंडीपुढे एक कप, कपात त्या झाडाच्या चार पानांचं गरम पाणी. काका बाकाच्या टोकाला वही घेऊन बसले होते.

‘हिने सगळे चाखलेत,’ त्यांनी काकूंकडे मान वळवली. ‘सगळे गोड आहेत म्हणते.’

‘आहेतच,’ काकू म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला. माझ्या आईने तसंच पाहिलं असतं.

मला हेही माहीत होतं की पाहुण्याने यजमानाच्या घरी काय म्हणायचं असतं. आमच्याकडे चहात साखर घालायची राहून गेली तरी पाहुणा ‘फक्कड झालाय’ म्हणून कप रिकामा करतो. मी पहिला कप घेतला. गोड. दुसरा, गोड, जरा पाणचट. तिसरा गोड लागला, मी गिळला, आणि मग जिभेच्या मुळाशी औषधासारखी चव येऊन बसली आणि हलेना. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘तिसरा कडू आहे,’ मी म्हटलं. ‘सुरुवातीला नाही. गिळल्यावर. आणि जात नाही.’

काकूंनी डोळे मिटून घेतले. काका वहीवरून पुढे झुकले.

‘किती वेळ राहतो?’

‘अजून आहे.’

‘अजून?’

‘अजून. फार वाईट आहे हो.’

त्यांनी वही बाजूला ठेवली. उठून तिसऱ्या कुंडीपाशी आले, झाड बुडाशी धरलं आणि एका हिसक्यात उपटलं. मुळांची माती कुंडीच्या कडेवर झटकून त्यांनी ते कंपोस्टच्या ढिगावर फेकलं. मागे वळले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते हसत होते. मी त्यांना असं तोंड भरून हसताना कधी पाहिलं नव्हतं. ‘इतकी वर्षं,’ ते काकूंना म्हणाले, ‘सगळे गोड, सगळे गोड. मग मी उपटू काय आणि ठेवू काय?’

काकूंनी पदराने पुसावेत तसे अॅप्रनने डोळे पुसले आणि कॉफी गार होतेय असं म्हणाल्या. पण काका परत बाकावर जाऊन बसले होते, वही मांडीवर उघडलेली, पेन्सिल हातात. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला, चूळ भरून घ्या म्हणाले, आणि चौथा कप माझ्या पुढे सरकवला.